वायरीत अडकलेले टाळ

सुंदराच्या घरी त्या दुपारी आमटी सरळ भातावर ओतली गेली, कारण घरातल्या सगळ्या वाट्या पुढच्या खोलीत जमिनीवर पालथ्या घातलेल्या होत्या आणि त्यांच्या पाठीवरून स्पीकरची वायर गेली होती.

"वायर जमिनीला टेकली की आवाज जमिनीत जिरतो," राघो म्हणाला. हे ज्ञान त्याला मोबाइलवरच्या कुणा माणसाने दिले होते.

"आवाज म्हंजे काय पावसाचं पाणी हाय, जिरायला?" सुंदरा म्हणाली.

राघोने मान हलवली आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. 'पाणी' तेवढे त्याला ऐकू आले होते.

सुंदराने तांब्या घेतला, बाजूला ठेवला आणि पुढचा घास घेतला. गेली दोन वर्षे या घरात असेच चालले होते. आपण एक बोलावे, नवऱ्याने त्यातला मधलाच एखादा शब्द उचलावा आणि उरलेले वाक्य स्वतःच्या मनाने जुळवावे. आणि तरीही दोष कुणाचा? तर वायरीचा.

राघोची गोष्ट सांगायची तर ती कानापासूनच सांगावी लागते. भातसानगरला धरणावर तो नोकरीला लागला तेव्हा साधा मदतनीस होता आणि निवृत्त झाला तेव्हाही कागदावर फार मोठा झाला नव्हता. पण पंपाच्या खोलीत त्याचा मान मोठा होता. लांब दांड्याचा एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, तो चालत्या मशीनला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "मागचं बेअरिंग जाणार." आणि ते जायचे. साहेबलोक त्याला 'डॉक्टर' म्हणत. कॉलनीतल्या बायका सुंदराला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवत. सुंदरा वरवर चिडायची. आतून तिला ते आवडायचे, आणि हे तिने कधी कुणाला सांगितले नाही.

निवृत्तीनंतर दोघे वैशाखऱ्याला, त्याच्या गावी येऊन राहिले. माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच घर बांधले. पुढे ओटा, मागे परसात विहीर, विहिरीत पंप. राघो गावच्या भजनी मंडळात म्हणू लागला, पावसाळ्यात भात लावू लागला, आणि सगळे सुरळीत चाललेले असताना मनोजने ते स्पीकर आणले.

मनोज त्यांचा मुलगा. कल्याणला नोकरी, कल्याणलाच फ्लॅट. लग्नाआधी त्याने हौसेने एक स्टिरिओ घेतला होता. एक ॲम्प्लिफायर आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर. फ्लॅटमध्ये तो लावला की खालचे लोक भिंत ठोकत आणि वरचे लोक जमीन. शेवटी त्याची बायको रविना म्हणाली, "एक तर हे ठेवा, नाही तर सोफा." सोफा राहिला आणि स्पीकर टेम्पोत बसून वैशाखऱ्याला आले.

त्याच दिवशी मनोजने गावच्या सप्ताहातले भजन लावले. ते त्याने स्वतःच चांगल्या यंत्रावर भरून घेतले होते. पुढे राघोचा आवाज, आणि त्याला धरून विठूचे टाळ. विठू राघोचा चुलत भाऊ. त्याच्या टाळांना गावात नाव होते. टाळ वाजला की ठिणगी उडाल्यासारखा आवाज येई आणि मग बराच वेळ हवेत रेंगाळे. शेजारची जनाबाई दारात येऊन उभी राहिली. "जसा काय विठू हितंच बसलाय गो," ती म्हणाली.

राघो दोन्ही स्पीकरांच्या मधोमध बसला होता. त्याने भजन शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "टाळ कुठंत?"

"आहेत की, बाबा," मनोज म्हणाला.

"कुठंत? मला पखवाज येतोय, मी येतोय. विठूचे टाळ कुठं गेले?"

मनोजला परतायची घाई होती. त्याने ॲम्प्लिफायरच्या मागे वाकून पाहिले आणि एक वाक्य बोलला. सुंदराने ते वाक्य मुलाला अजून माफ केलेले नाही. तो म्हणाला, "वायर जरा बारीक आहे. सावकाश चांगली घ्या."

झाले. त्या दिवसापासून विठूचे टाळ वायरीत अडकले.

पहिल्यांदा राघो मुरबाडला जाऊन जाड वायर घेऊन आला. टाळ आले नाहीत. मग तांब्याची म्हणून आणखी जाड आणली. टाळ आले नाहीत. दुकानदाराने तिसऱ्या खेपेला त्याला पाहून विचारले, "काका, घरात किती स्पीकर आहेत?" राघोने त्याला "मुरबाडलाच आलोय" असे उत्तर दिले आणि चौथी वायर घेतली.

मग एके सकाळी परसातल्या नळाला पाणी येईना. सुंदराने पंपाची कळ दाबली, पुन्हा दाबली. विहिरीत डोकावली. पंप होता, पण पंपाला जाणारी चपटी केबल नव्हती. ती पुढच्या खोलीत स्पीकरला जोडलेली होती.

"ती भारी केबल हाय," राघो म्हणाला. "एवढा पंप चालवते, तर टाळ चालवणार नाय?"

"आनि मी काय चालवू? पाणी कशाने काढू?"

"दोराने काढ दोन दिस. नुसतं बघतोय गो, ठेवतोय कुठं?"

सुंदराने दोराने पाणी काढले. टाळ तेव्हाही आले नाहीत. पण राघोला मोबाइलवरच्या माणसाने नवीन सांगितले होते. नवी वायर लगेच बोलत नाही. तिच्यातून आवाज जाऊ द्यावा लागतो, पुष्कळ दिवस. "लोणचं मुरतं ना, तशी वायर मुरायला लागते," राघोने समजावले. तेव्हापासून वायर मुरावी म्हणून तेच भजन सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू राहिले. जनाबाई, जी पहिल्या दिवशी दारात भक्तीने उभी राहिली होती, ती आठवडाभराने त्याच दारात येऊन म्हणाली, "वयनी, विठूला सांगा आता जरा दम घे. हात दुखले असतील त्याचे."

सुंदराला हसू आले नाही. तिला कळून चुकले होते की दोष वायरीत नाही. तिला ते मनोजच्या आधी कळले होते, स्पीकरच्याही आधी.

पहिल्यांदा कळले ते फोनवरून. मनोजची मुलगी भाविका, बारीक, किणकिण्या आवाजाची. रविवारी फोन आला की आजोबांशीच आधी बोलायची. हळूहळू राघो फोन हातात घेऊन "हां, हां" म्हणू लागला, मग "फोन खराब हाय, आवाज येत नाय" म्हणत सुंदराकडे देऊ लागला. मनोजने नवा फोन दिला. तोही खराब निघाला. आता भाविका आजोबांना बोलवतच नाही. "आजी, तूच सांग त्यांना," म्हणते.

आणि दुसऱ्यांदा कळले ते रस्त्यावर. घाटातून उतरणारा ट्रक चिरका हॉर्न देत येत होता आणि राघो खांद्यावर गवताचा भारा घेऊन निवांत रस्ता ओलांडत होता. जनाबाईने त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढला. सदरा फाटला. राघो तिच्यावरच खेकसला, आणि घरी येऊन म्हणाला, "त्या गाडीचा हॉर्न बिघडलेला होता." सुंदराने तो सदरा शिवला. तेव्हापासून तो रस्त्याकडे निघाला की ती हातातले काम टाकून ओट्यावर येऊन उभी राहायची. भात करपला तरी.

एकदा, फक्त एकदाच, तिने स्पष्ट सांगून पाहिले. "तुमचे कान दाखवून येऊ कल्याणला."

राघोला हे मात्र स्वच्छ ऐकू आले. "माझे कान?" तो म्हणाला. "या कानांनी बेअरिंग सांगितलंय मी. साहेब यायचा विचारायला." मग तो तीन-चार दिवस बोललाच नाही. बायकोने आपल्याला एकदम म्हातारा करून टाकले, असे त्याचे तोंड दिसत होते.

म्हणून सुंदरा गप्प राहिली होती. पण आमटीला वाटी नाही, हे तिला फार झाले. जेवण आटोपल्यावर तिने उष्टी ताटे तशीच ठेवली, राघोच्या समोर, तोंड दिसेल अशी बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अजून किती वायरी?"

"एकच. चांगली मिळाली की संपलं."

"बरं. एक आणा. ती शेवटची. तरी टाळ आले नाय, तर मग मुकाट कल्याणला चलायचं. कानवाल्याकडं."

राघो विचारात पडला. त्याला आपल्या कानांवर भरवसा होता, त्यामुळे शर्त सोपी वाटली. "दिला शब्द," तो म्हणाला आणि तिच्या हातावर हात मारला. सुंदराने त्याच हाताने वाट्या गोळा केल्या.

आता शेवटची वायर घ्यायची, तर ती साधी घेऊन चालणार नव्हते. राघो दोन दिवस मोबाइल घेऊन बसला. आणि अखेर मोबाइलवरच्या माणसाने त्याला मंत्र दिला. "ओएफसी घ्या," तो म्हणाला. "ओएफसी नसेल तर घेऊच नका."

राघो उठून उभाच राहिला. ओएफसी! ही अक्षरे तो रोज वाचत होता. मुरबाडपासून वर घाटापर्यंत रस्त्याच्या कडेला छोटे छोटे दगड रोवलेले आहेत, आणि त्यांच्यावर इंग्रजीत हीच तीन अक्षरे रंगवलेली आहेत. खाली केबल गाडली आहे, खणू नका, असा त्याचा अर्थ. आणि ती केबल गाडण्याचे काम कोण करतो? तर सुनिल. राघोचा सख्खा भाचा, डोळखांबचा. ठेकेदाराकडे मुकादम आहे.

"मी मुरबाडला फेऱ्या मारतोय," राघो कपाळावर हात मारून म्हणाला, "आनि असली वायर माझ्या दारात गाडलेली हाय."

सुनिलला फोन गेला. मामाला उरलीसुरली ओएफसी हवी आहे, एवढेच त्याला कळले. या भागात अशा तुकड्यांना पुष्कळ मागणी असते. कुणी दोडक्याचा मांडव बांधतो, कुणी कपडे वाळत घालतो, कुणी म्हशीच्या गोठ्याचा कूड आवळतो. मामाचाही मांडव असेल, असे समजून सुनिलने काळ्या केबलचे एक भले मोठे भेंडोळे मोटारसायकलवर टाकून आणून दिले, चहा घेतला आणि गेला.

राघोने ते भेंडोळे मांडीवर घेऊन कुरवाळले. "वजन बघ," तो म्हणाला. "सरकार जी वायर जमिनीत गाडतं, ती काय उगाच गाडतं?" आणि सरकार गाडते म्हणून त्यानेही ती गाडायची ठरवली. छिन्नी-हातोडी काढली. पुढच्या खोलीच्या भिंतीला, दाराच्या वरून, ॲम्प्लिफायरपासून पलीकडच्या स्पीकरपर्यंत खाच पाडली. दिवाळीला दिलेला रंग सुंदराच्या डोळ्यांसमोर ढलप्या होऊन पडत होता. डाळीच्या डब्यात सिमेंट गेले. ही शेवटची वायर आहे, असे ती मनाशी घोकत राहिली.

केबल खाचेत बसली, वरून सिमेंट झाले, सिमेंट वाळले, त्यावर चुन्याचा हात फिरला. इतके सगळे झाल्यावर राघो टोके सोलायला बसला.

आधी काळे कवच निघाले. मग पत्रा निघाला. मग आतून चिकट ग्रीससारखे काहीतरी निघाले. "बघ," राघो खूश होऊन म्हणाला, "ग्रीस भरलेली वायर. असली जन्मात बघितली नाय." ग्रीस पुसल्यावर आत केसासारखे बारीक रंगीत दोरे निघाले. निळे, नारिंगी, हिरवे. तांब्याचा पत्ता नव्हता. त्याने एक दोरा पिळून पाहिला. तो मोडला. दुसरा वाकवला. तोही मोडला आणि त्याची सुईसारखी कपची बोटात शिरली.

सुंदरा चष्मा लावून ती कपची काढत होती तेव्हा राघोने दुसऱ्या हाताने सुनिलला फोन लावला. फोनचा आवाज मोठा केलेला असल्यामुळे ते बोलणे जनाबाईच्या अंगणापर्यंत गेले.

"रे सुनिल, या वायरीत तांबं नाय."

"तांबं कसं असेल, मामा? काच हाय ती."

"काय हाय?"

"काच. काच, काच. तिच्यातून लाईट जाते. उजेड."

"मला उजेड नको, आवाज पायजे."

"मामा, मांडव बांधायला नेली ना तुमी?"

राघोने फोन सुंदराकडे दिला. सुंदराने भाच्याला सगळे सांगितले. भिंतीचेही सांगितले. पलीकडून "मामी, मी नंतर करतो," असे हसू दाबून घुसमटलेल्या आवाजात म्हणून सुनिलने फोन ठेवला. संध्याकाळी मनोजने फोनवर खुलासा केला. मोबाइलवरचा माणूस म्हणत होता ती ओएफसी म्हणजे शुद्ध केलेले तांबे. रस्त्याकडेची ओएफसी म्हणजे इंटरनेटची काचेची तार. अक्षरे तीच, वस्तू निराळी.

"झालं ना आता?" सुंदराने फोन ठेवून विचारले. "सोमवारी कल्याणला जाऊ."

"कशाला?"

"शब्द दिलात ना. शेवटची वायर."

राघोने तिच्याकडे असे पाहिले, जणू तिला व्यवहारच कळत नाही. "वायर कुठं होती ती? काच होती," तो म्हणाला. "वायर झालीच नाय, तर शेवटची कशी? शर्त अजून बाकी हाय."

सुंदरा उठली. मागच्या दाराने परसात गेली, विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि विहिरीत तोंड घालून नवऱ्याला जे काही बोलायचे होते ते सगळे बोलली. विहिरीने ते दुप्पट करून परत दिले. जनाबाई कुंपणाशी उभी होती. "वयनी, एवढ्या लांब कशाला आलात?" ती म्हणाली. "त्यांच्यापुढं उभं राहून बोललं असतं तरी चाललं असतं."

पुढच्याच आठवड्यात डोळखांबला सुनिलच्या नव्या घराची वास्तुशांत होती. वैशाखऱ्याचे मंडळ भजनाला बोलावले होते. सुंदराला खरे तर जायची इच्छा नव्हती, कारण काचेच्या वायरीची गोष्ट एव्हाना पाड्यापाड्यात पोचलेली असणार हे तिला ठाऊक होते. पोचली होतीच. मांडवात शिरताशिरता कुणीतरी म्हणाले, "डॉक्टर आले. उजेड सोडा." राघोला ते ऐकू आले नाही. ते सुंदराने ऐकले, आणि तो राग तिला एकटीलाच गिळावा लागला.

जेवणे झाली आणि भर दुपारी भजन सुरू झाले. मांडवाच्या दोन कोपऱ्यांना दोन भोंगे, मध्ये माईक. पहिला अभंग झाला. दुसरा चालू असतानाच वीज गेली. डोळखांबला वीज गेली म्हणून कुणी गाणे थांबवत नाही. भोंगे बंद पडले, माणसे चालू राहिली. उलट आता आवाज जास्त गोड लागत होता. विठू राघोच्या उजव्या हाताला, अगदी खांद्याला खांदा लावून बसला होता आणि रंगात येऊन टाळ वाजवत होता. बायकांच्या घोळक्यात मागे बसलेल्या सुंदराच्या दातांत तो आवाज शिरत होता, इतका लख्ख.

अभंग संपला. राघोने घाम पुसला आणि विठूकडे कलून, त्याच्या समजुतीने हळूच, पण सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे म्हटले, "तुझे टाळ येत नाय रे. त्या माईकवाल्याला सांग, वायर बदल."

"माईक कुठं चालू हाय, दादा?" विठू म्हणाला. "लाईट मगाच गेली."

राघोने माईकवाल्याकडे पाहिले. माईकवाला मांडवाच्या खांबाला टेकून झोपला होता. त्याने वरच्या पंख्याकडे पाहिले. पंखा थांबलेला होता.

मग त्याने विठूच्या हातांकडे पाहिले. विठूने टाळ पुन्हा वाजवले. एकदा, मग पुन्हा एकदा. त्याला बिचाऱ्याला वाटले, दादाला पुढची लय हवी आहे. टाळ एकमेकांवर येत होते, सुटत होते, दोरी ताणत होती. सुंदराला मागून नवऱ्याची फक्त मान दिसत होती. ती मान टाळांबरोबर खाली-वर होत नव्हती. ती एका जागी धरलेली होती, पंपाच्या खोलीत तो मशीनपुढे धरायचा तशी. फक्त या वेळी तो काहीच सांगत नव्हता.

मांडवात कुणी हसले नाही. सुंदराच्या मनात किती दिवस एक वाक्य तयार होते, 'सांगत होते ना मी.' ते तिने तिथेच सोडून दिले. पुढचा अभंग राघोने म्हटला नाही. पाणी प्यायला म्हणून उठला आणि मंडळाची जीप निघेपर्यंत तिच्यातच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर उभा होता. "मुरबाडवरनं कल्याणची गाडी घेऊ," तो म्हणाला. "की थेट मिळेल?"

सुंदराला वाटले, संपले. पण नवरा ज्याला म्हणतात तो इतक्या स्वस्तात संपत नाही.

कल्याणला कानाच्या दवाखान्यात तपासणी करणारी मुलगी दामिनी नावाची होती. शहापूरची, म्हणजे भातसानगरच्या जवळचीच निघाली, म्हणून तिने राघोला आपल्याच माणसासारखे बसवले. एका काचेच्या कोठडीत खुर्ची, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. "बाबा, कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं," तिने मोठ्याने सांगितले. "आला नाही तर नाही दाबायचं. यात पास-नापास काही नसतं."

काचेबाहेर सुंदरा बसली होती. दामिनी आपल्या यंत्राचे एकेक बटण दाबत गेली आणि राघो पटापट प्रतिसाद देत गेला. सुरुवातीचे सगळे आवाज त्याला आले. मधले आले. वरचेही आले. दामिनीच्या कपाळाला आठी पडली. सुंदरा पुढे सरकून बसली. म्हणजे कान खरेच चांगले आहेत की काय? म्हणजे आता जन्मभर वायरी?

मग तिने नीट पाहिले. राघो डोळे मिटून बसला नव्हता. तो काचेतून दामिनीच्या खांद्याकडे टक लावून पाहत होता. तिचा खांदा जरा हलला की हा बटण दाबत होता.

"पोरी," सुंदरा उठून म्हणाली, "हा माणूस कॉपी करतोय."

दामिनीने खुर्ची फिरवली आणि राघोकडे पाठ करून, हात पोटाशी धरून पुन्हा सुरुवात केली. आता राघोला पाहायला काही उरले नाही. जाड आवाजांना त्याचा अंगठा दाबला गेला. मग कमी दाबला गेला. मग दामिनीची बोटे चालत राहिली आणि कोठडीत काहीच झाले नाही. राघोने डोळे मिटले होते. अंगठा बटणावर टेकवलेला होता, अगदी तयार. तो वाट पाहत होता. सुंदराने त्याला आयुष्यात पुष्कळ वेळा चिडलेला, हट्टाला पेटलेला, लबाडी करताना पाहिले होते. असा वाट पाहताना पाहिला नव्हता. तिने नजर दुसरीकडे वळवली.

बाहेर आल्यावर दामिनीने कागद दाखवला. डावीकडून एक रेघ बरीच सरळ येत होती आणि मग एकदम उताराला लागत होती. वय झाले की आधी वरचे, बारीक आवाज जातात, ती म्हणाली. लहान मुलांचे बोलणे, घंटी, टाळ. कानाचे मशीन लावले तर पुष्कळ फरक पडेल, पण सवय करावी लागेल.

पंपाच्या खोलीतल्या नोकरीमुळे राघोला आलेख वाचायची सवय होती. त्याने रेघेवर बोट ठेवले आणि उतार लागतो तिथे थांबवले. "हितपर्यंत मी बरोबर होतो," तो म्हणाला. मग बोट खाली घसरू दिले. "हितनं पुढं नाय."

"रस्त्यावर जपा, बाबा," दामिनी म्हणाली.

"ट्रकचा हॉर्न या रेघेत कुठं येतो?" त्याने विचारले. तिने उतारावर बोट ठेवून दाखवले. राघोने मान हलवली आणि सुंदराकडे न पाहता म्हणाला, "जनीला एक चांगलं लुगडं घेऊन जाऊ. तिच्यावर वसकलो होतो मी."

मशीन पुढच्या आठवड्यात मिळणार होते. परतीच्या एसटीत दोघांना जागा मिळाली. म्हारळ गेले, गोवेली गेली, तरी राघो खिडकीबाहेरच पाहत होता. सुंदराने कितीतरी दिवसांनी पाय सैल सोडले. घरी गेल्यावर आधी ते स्पीकर भिंतीला लावून ठेवायचे, पंपाची केबल पुन्हा नीट बांधून घ्यायची, आणि भिंतीतली ती काच तशीच राहू द्यायची, असे तिने ठरवले. तेवढ्यात राघोने तिला कोपराने ढोसले.

"त्या मशीनला वायर असते का गो?"

"नसते," सुंदरा म्हणाली.

"काय?"

"नसते," ती ओरडली. "बिनवायरीचं असतं." पुढच्या चार बाकांवरची माणसे वळून पाहू लागली. कंडक्टरही पाहू लागला.

राघोने यावर बराच विचार केला. त्याच्या कपाळावरची शीर उमटली. सुंदराला ती शीर ओळखीची होती.

"मग आवाज यायचा कसा?" तो म्हणाला.

सुंदराने पुढच्या बाकाच्या दांड्यावर कपाळ टेकवले आणि मुरबाड येईपर्यंत ते उचलले नाही.